फ्यूजला फॉइल गुंडाळू नका: त्या 'सात रामबाण उपायां'बद्दल

परवा मामाचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "अगं, मिटला प्रॉब्लेम! फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली, तीन दिवस झाले, एकदाही उडाला नाही." मामाकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, जिवापाड जपतो तिला. हा सल्ला त्याला कुठून मिळाला, तर "जुन्या स्पोर्ट्स कारचे सात रामबाण उपाय" हा मेसेज, जो सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय आणि मला एकटीलाच चार जणांनी पाठवलाय. मी त्याला फोनवरच सांगितलं, चावी काढ, बॅटरीची वायर सोड, गाडीला हात लावू नकोस, मी येते.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश असा: फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज घाला, नाहीतर फॉइल गुंडाळा. चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढा, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला. लुकास या ब्रिटिश कंपनीचं इलेक्ट्रिकल म्हणजे भंगार, सगळं वायरिंग उपटून नवीन टाका. इंजिन तापलं तर थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेका. स्टार्टिंगचा त्रास असेल तर कॉइलला (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) डायरेक्ट १२ व्होल्ट द्या. इंजिन मिसिंग करत, म्हणजे अडखळत असेल तर कार्ब्युरेटर खोला. आणि पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून त्याला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा. खाली "४० वर्षांचा अनुभव" असं लिहिलंय, नाव कुणाचंच नाही.

फ्यूजपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या उपायांनी गाडी बिघडेल, याने जळेल.

फ्यूज कशासाठी असतो हेच या माणसाला माहीत नाही. तो बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायर कुठेतरी घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली की बॅटरी तिच्यातून शंभर अँपिअरच्याही वर करंट ढकलू शकते, आणि बिचारी वायर असते फार तर पंधरा-वीस अँपिअर झेलणारी. मधे फ्यूज असेल तर तो वितळतो आणि विषय संपतो. मधे फॉइल असेल तर फॉइल टिकतं आणि तापते ती वायर, आणि ती काही एकटी नसते, टेपने गुंडाळलेल्या जुडग्यात दहा-पंधरा वायरींना खेटून बसलेली असते.

आता मामाच्या गाडीत काय झालं ते सांगते. उडत होता तो हिरव्या वायरींचा फ्यूज. लुकासच्या गाड्यांत रंगांना अर्थ आहे आणि तो एकदा पाठ झाला की अर्धं काम होतं: तपकिरी वायर थेट बॅटरीची, तिला फ्यूज नाही. पांढरी इग्निशन लावल्यावर चालू होते, एमजीबीत तिलाही फ्यूज नाही. हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. हिरव्यावर वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा आणि रिव्हर्सचा लाइट एवढं सगळं असतं. मी मामाला विचारलं, नेमका कधी उडतो? म्हणाला, "काही नेम नाही गं, पण सकाळी गाडी बाहेर काढली की बऱ्याचदा इंडिकेटर लागत नाही." आता गाडी बाहेर काढतो म्हणजे रिव्हर्समध्ये काढतो! फ्यूज इतके दिवस हेच सांगत होता आणि त्या मेसेजने त्याचंच तोंड बंद करायला लावलं.

फॉइल काढून टाकलं आणि फ्यूजच्या जागी दोन वायरींवर ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडला. ही युक्ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी, शॉर्ट असला तरी त्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. इग्निशन लावलं, बल्ब मंद. रिव्हर्स टाकला, बल्ब लख्ख. गिअर काढला, पुन्हा मंद. मग पुन्हा रिव्हर्स टाकून, गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून मागे जाणारी हिरवी-तपकिरी वायर हलवत गेले, आणि एका जागी वर मामा ओरडला, "गेला, गेला, मंद झाला!" पत्र्याच्या कडेला घासून नखाएवढं इन्सुलेशन गेलं होतं, आत तांबं दिसत होतं. आणि फॉइलच्या तीन दिवसांत तिथली वायर इतकी तापली होती की शेजारच्या वायरीला चिकटून दोन्हींचं एक झालं होतं, सोडवायला गेले तर दोन्हींचं साल निघून हातात आलं. वास आला होता म्हणे, मामाला वाटलं क्लच असेल. रिव्हर्स रोज फक्त दहा-पंधरा सेकंद लागतो म्हणून एवढ्यावर निभावलं.

मोठ्या फ्यूजबद्दल एक अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करते. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते उडण्याचं रेटिंग, सलग वाहायची मर्यादा १७ अँपिअर. अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र आकडा सलग वाहण्याचा असतो. म्हणजे कुणी घाबरून १० चा टाकला असेल आणि तो उगाच उडत असेल तर मोठा टाकणं बरोबरच आहे. पण मॅन्युअलमध्ये ३५ वाचून अमेरिकन ३५ आणून टाकला की संरक्षण निम्मं गेलं, आणि मेसेजमध्ये तर नुसतं "३५ किंवा वरचा" असं ठोकून दिलंय.

दुसरं, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं. हे मी मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी राग येतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो होता, तेव्हा गाडीत इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतंच, म्हणून वायर काढूनही बऱ्याचदा काही झालं नाही आणि तीच आठवण लोक अजून सांगत बसलेत. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत असताना तिची वायर अचानक सुटली की त्याचा करंट जाणार कुठे? व्होल्टेज एकदम वर उडतं. किती, ते गाड्यांच्या इलेक्ट्रिकल भागांच्या आयएसओ १६७५०-२ या स्टँडर्डमध्ये बघा: १२ व्होल्टच्या सिस्टिमसाठी, आळा घालणारं काही नसेल तर, याच प्रसंगाच्या चाचणीचा झटका ७९ ते १०१ व्होल्टचा धरलाय, ४० ते ४०० मिलिसेकंद टिकणारा. गाडी बनवणारे ज्याला अपघात समजून पार्ट तपासतात, तो अपघात हा मेसेज तुम्हाला मुद्दाम घडवायला सांगतोय. अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर तर जातीलच, पण आज निम्म्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) टोपीखाली पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असतं, तेही जातं. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तुम्ही तिथेच ठिणगी पाडताय. एमजीबीत तर बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, जुन्या मॉडेलमध्ये ६ व्होल्टच्या दोन, म्हणजे हे सगळं तोंड खुपसून करायचं!

साधा मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६, सुरू करून थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.४ आलं तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. डायनॅमोवाल्यांनी आयडलिंगला लाल दिवा मिणमिणला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो तेवढ्या स्पीडला चार्ज करतच नाही.

लुकास भंगार म्हणणाऱ्यांशी मी आधी वाद घालायचे, आता थोडं ऐकून घेते, कारण स्विच आणि वायरी जोडणारे बुलेट कनेक्टर पन्नास वर्षांनी खरंच त्रास देतात. पण सगळं वायरिंग उपटायचं? नव्वद टक्के दुखणं अर्थिंगमध्ये आणि गंजलेल्या जोडांमध्ये असतं हा माझा अनुभव. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे स्टार्टरचा करंट परत जायला इंजिन आणि बॉडीमधली एक जाड पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट असते चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल. मी स्वतः सेल्फ मारताना चोकच्या नॉबमधून धूर आलेला बघितलाय, केबलला हात लावला तर चटका बसला. मालकाने तोपर्यंत नवीन स्टार्टर आणि नवीन बॅटरी दोन्ही घेऊन झाले होते. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर लावा, सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी साफ करा. हेडलाइट मंद असतील तरीही आधी जोड बघा, बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

थर्मोस्टॅटचं लवकर आटोपते. काढला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, ऑइल थंड राहतं, झीज वाढते. आणि जॅग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनात थर्मोस्टॅटलाच एक बाही असते जी उघडताना बायपासची वाट बंद करते, तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि इंजिन आणखी तापतं. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकून बघा, उघडतो की नाही कळतं. तो ठीक असेल तर इग्निशन टायमिंग बघा, टायमिंग मागे पडलं तरी इंजिन तापतं.

कॉइलला डायरेक्ट १२ व्होल्ट: तुमच्या गाडीत बॅलास्ट, म्हणजे कॉइलच्या आधी करंट कमी करणारा रेझिस्टर, असेल तर कॉइल दीड ओहमच्या आसपासची असते. तिला सरळ १२ व्होल्ट दिले की ४ च्या जागी ८ अँपिअर, पॉइंट जळतात, कॉइल भाजते. सेल्फ मारताना तेवढे काही सेकंद पूर्ण व्होल्टेज देण्याची सोय अशा गाडीत कंपनीनेच केलेली असते, मेसेजवाल्याने बहुधा तेच अर्धवट ऐकलं असावं.

कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी खोला. आधी पॉइंटचा गॅप, लुकासच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिलिमीटर, मग पॉइंटवरची ठिणगी रोखणारा कंडेन्सर. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न करता सुरू होते, तर कंडेन्सर किंवा कॉइल. एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन लावून नुसतं ऐका: थोडा टकटक करून थांबला तर ठीक, थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी हवा ओढतोय, आवाजच नसेल तर त्याचे पॉइंट किंवा अर्थ. आणि दर थोड्या अंतरावर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं.

चिमट्यांनी काही नुकसान होत नाही. काही होतं असंही मला कधी दिसलं नाही. पाइप इंजिनच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या.

मामाच्या गाडीत आता १७-३५ चा खरा फ्यूज आहे, दोन्ही वायरी नवीन आहेत आणि पत्र्याच्या कडेला रबरी ग्रोमेट बसवलंय. तुमच्यापैकी कुणी हा मेसेज वाचून फॉइल गुंडाळलं असेल तर आजच इंजिन बंद करून बॅटरीची अर्थची वायर आधी काढा, फॉइल फेका, आणि त्या फ्यूजमधून निघणाऱ्या वायरी जिथे जिथे पत्र्यातून जातात तिथे टॉर्च मारून बोट फिरवून बघा. साल फुगलेलं, चकचकीत किंवा शेजारच्या वायरीला चिकटलेलं लागलं तर ती वायर बदलल्याशिवाय गाडी काढू नका.