दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाचे बिल आमच्या नावावर

गेल्या आठवड्यात माझ्या रोजच्या कामाचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले आणि तेव्हापासून टॅबची कळ दाबली की माझा स्क्रीन रीडर, म्हणजे आम्हा अंधांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, एकच शब्द बोलतो: बटण. पुन्हा टॅब, पुन्हा बटण. अशी चौदा बटणे आहेत आणि एकालाही नाव नाही. डोळस सहकाऱ्यांना तिथे सुबक चित्रे दिसतात. मला मात्र ‘जतन करा’ कितवे आणि ‘काढून टाका’ कितवे हे मोजून पाठ करावे लागते. तक्रार केली, तर दुसरा एखादा स्क्रीन रीडर वापरून पाहा, असे उत्तर आले. ते ऐकून अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही.

दुसरा म्हणजे कोणता, आणि कोणाच्या पैशाने? विंडोजवरच्या जॉज या स्क्रीन रीडरचा कायमस्वरूपी परवाना वर्षानुवर्षे हजार डॉलरच्या आसपास राहिला आहे. त्यातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्दही फसवा आहे, कारण पुढच्या आवृत्त्या हव्या असतील तर देखभालीचे पैसे वेगळे द्यावे लागतात. घरगुती वापरासाठी वार्षिक वर्गणीचा स्वस्त पर्याय आला खरा, पण वर्गणी थांबली की वाचनही थांबते. पैसे न भरता वापरायचा, तर तो एका वेळी चाळीस मिनिटे चालतो; त्यानंतर हातातले काम टाकून संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. पडद्यावरची अक्षरे दिसावीत म्हणून कोणत्याही डोळस माणसाने संगणकाच्या किमतीवर आणखी एका संगणकाची किंमत मोजलेली नाही. आम्ही ती मोजतो आणि वर ‘विशेष सोय’ मिळाल्याबद्दल आभारही मानायचे असतात.

ही किंमत केवळ नफेखोरीतून आली, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण हे काम किती किचकट आहे ते मला ठाऊक आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात पडदा म्हणजे अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्या संगणकाच्या स्मृतीतून थेट वाचता येत. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये जॉज आणला तो त्या पडद्यासाठी. मग विंडोज आले, अक्षरांची चित्रे झाली, आणि प्रत्येक प्रोग्रॅम पडद्यावर काय रंगवतो आहे ते मधल्यामध्ये पकडून त्यावरून पडद्याची अदृश्य प्रतिकृती रचण्याची वेळ या लोकांवर आली. प्रोग्रॅमने आपल्या घटकांची नावे, प्रकार आणि स्थिती स्वतःहून सांगावी, यासाठी मायक्रोसॉफ्टने अधिकृत व्यवस्था दिली ती १९९७ मध्ये. आज अशा व्यवस्था सर्वत्र आहेत. तरीही प्रोग्रॅम लिहिणारे त्या वापरत नाहीत, आणि मग त्यांनी न दिलेली नावे हुडकण्यात, एकेका लोकप्रिय सॉफ्टवेअरसाठी वेगळी ठिगळे लावण्यात स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांची वर्षे खर्ची पडतात. त्या वर्षांचे पगार परवान्याच्या किमतीत मिसळतात. म्हणजे हलगर्जीपणा एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची आणि बिल तिसऱ्याच्या हातात, ज्याचा यात काडीचाही दोष नाही.

‘मग फुकटचा वापरा’ हे तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते वाक्य पूर्ण होण्याआधीच संताप येतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे कारण २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाला ही किंमत अन्यायाची वाटली आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणाला सोबत घेऊन त्याने तो लिहायला घेतला. मी रोज तोच वापरते आणि त्या दोघांचे ऋण मानते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब अपंगांनाही वापरता यावे यासाठी काम करणाऱ्या वेबएम या संस्थेच्या सर्वेक्षणात मुख्य स्क्रीन रीडर म्हणून ४०.५ टक्के लोकांनी जॉजचे आणि ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीएचे नाव घेतले. एनव्हीडीएच्या एवढ्या लोकांचा भार एक छोटी संस्था देणग्या आणि अनुदानांवर पेलते. ज्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या उणिवा ती निस्तरते, त्यांच्यापैकी कितीजण तिला एक पैसा तरी देतात? लिनक्स प्रणालीवरच्या ऑर्का या स्क्रीन रीडरची कथा याहून वाईट आहे. तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये वाढला, २०१० मध्ये ओरॅकलने ती कंपनी घेतली आणि सुगम्यतेचे, म्हणजे सॉफ्टवेअर अपंगांनाही वापरता यावे यासाठीचे, काम करणाऱ्यांवरच कपातीची कुऱ्हाड चालवली. पुढे तो तगला तो मोजक्या माणसांच्या चिकाटीवर.

पैसे मोजूनही खात्री नसतेच. विंडो-आइज या स्क्रीन रीडरवर लोकांनी वर्षानुवर्षे पैसे आणि सवय दोन्ही गुंतवले होते. जॉजच्या मालक समूहाने तो विकत घेतला आणि २०१७ मध्ये बंद केला. बोटांत मुरलेल्या शेकडो कळजोड्या विसरून नव्याने शिकण्यात किती दिवस जातात, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो.

हे सारे अपरिहार्य आहे, असे मला कोणी सांगू नये. ॲपलने २००५ मध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर मॅकच्या प्रणालीतच घातला आणि २००९ मध्ये आयफोनवर आणला. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा नॅरेटर २००० पासून आहे, पण कितीतरी वर्षे तो इतका तोकडा होता की त्याच्या भरवशावर नोकरी करणे अशक्य होते. क्षमता होती, पैसा होता, अंध वापरणारेही होते. आमची पाळी येत नव्हती एवढेच.

आणि शेवटी त्या चौदा बटणांकडेच यावे लागते, कारण नाव देणे म्हणजे प्रत्येक बटणामागे एक ओळ. चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, हे वेबच्या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांत १९९९ मध्येच लिहिले गेले. ज्याने ती बटणे काढली, त्याचे अर्ध्या तासाचे काम होते. त्याने ते केले नाही, तपासणाऱ्याने एकदाही पडदा बंद करून ते चालवून पाहिले नाही, आणि तक्रार घेणाऱ्याने मलाच दुसरा स्क्रीन रीडर शोधायला पाठवले. मी तिसऱ्यांदा लिहिले आहे, प्रत्येक बटणाचा क्रमांक आणि त्याचे काम नोंदवून. जी यादी त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये घालायची होती, ती मी माझ्या वेळात, विनामोबदला तयार करून दिली आहे, आणि उत्तर अजून आलेले नाही.