तीन रात्री जागल्याने निद्रानाश जडत नाही

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: सलग तीन रात्री झोप लागली नाही तर निद्रानाश जडला समजा, रात्री नऊलाच अंथरुणावर पडून डोळे मिटून राहा, तरीही जमलं नाही तर केमिस्टकडून झोपेची गोळी आणा, अर्धीने काही होत नाही. माणसं हे मनावर घेतायत, म्हणून लिहितेय.

आधी त्या तीन रात्री. नोकरीची टांगती तलवार, घरातलं आजारपण, शेजारच्या रिडेव्हलपमेंटचा धडधडाट, यांनी आठ-पंधरा दिवस झोप उडू शकते. डॉक्टर जुनाट निद्रानाश म्हणतात तो आठवड्यातून किमान ३ रात्री आणि असं ३ महिने चाललं तर. त्याआधीचा त्रास अल्पकालीन. ताण ओसरला की बहुतेकांची झोप परत येते.

नऊला पडून राहायचा सल्ला मात्र हाच तात्पुरता त्रास लांबवतो. झोप ही भुकेसारखी दिवसभर जागं राहून साठते. ती पुरती साठायच्या आत आडवं झालं की कूस बदलणं, मोबाइलमध्ये किती वाजले बघणं, पहाटेची लोकल चुकेल ही धास्ती. रोज असं झालं की अंथरुणावर पाठ टेकताच मेंदू जागा होतो. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर उपाय मांडला, तो आजही वापरला जातो: झोप आली तरच आडवं व्हायचं, साधारण वीस मिनिटांत लागली नाही तर उठायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. दहा बाय बाराच्या खोलीत उठून जायचं कुठे, हा प्रश्न रास्त आहे. अंथरूण बाजूला सारून भिंतीला टेकून बसा, नाहीतर चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाका. दिवा मंद, फोन लांब. दुपारची डुलकी काही दिवस टाळा, संध्याकाळनंतर चहा नको.

आणि ती अर्धी गोळी. झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी औषधं शेड्यूल एच-वन या सरकारच्या कडक नियमांच्या औषधयादीत आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची परवानगीच नाही. काही आठवड्यांत सवय लागते, अचानक सोडली की झोप आणखी उडते. म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडतात. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. डॉक्टरही कधी गोळी देतात, पण तपासून आणि थोड्या दिवसांपुरती. आधीपासून रोज घेत असाल तर त्यांना विचारूनच हळूहळू कमी करा.

झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर तीन महिने थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणाशी तरी बोला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.