नवरदेवाचे रिकामे हात

पुतण्याचं लग्न ठरलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. आम्ही जालन्याचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले, म्हणजे प्रोटेस्टंट. मुलगी वैजापूरकडची, कॅथलिक. तिच्या वडिलांना लग्नविधी मिस्सासकट हवाय, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पवित्र भाकर, ख्रिस्तप्रसाद, वाटतात त्या उपासनेसकट. आमचे धाकटे काका म्हणतात, "त्यांची माणसं उठून ख्रिस्तप्रसाद घेणार, अन् आपण नुस्तं बाकावर बसून पाहायचं? त्यापरीस न गेलेलं बरं."

वाचून संताप आला. आमच्यात त्याच विधीला प्रभुभोजन म्हणतात, आणि ग्लासगोत 19 वर्षं मी ते घेतोय. एल्डर, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, बाकांमधून ताट फिरवतात. ब्रेडचे चौकोनी तुकडे, मागून ट्रेमध्ये द्राक्षरसाचे इवलेसे पेले. तू कुठल्या मंडळीचा, म्हणजे कुठल्या चर्चचा, कुणी विचारत नाही. शेजारी बसणारी बाई जन्माने कॅथलिक, तीही घेते.

हे आभाळातून पडलेलं नाही. याच स्कॉटिश मंडळीत पूर्वी परीक्षा घेऊन शिशाचा बिल्ला देत. बिल्ला नाही तर प्रभुभोजनाच्या मेजाशी जागा नाही. आता ते बिल्ले म्युझियमच्या काचेखाली पडलेत. आणि आपलं काय? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्याला, यावरसुद्धा ज्यांचं पटत नव्हतं ती माणसं एका मेजाशी बसली. काकांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

मुलीच्या वडिलांचंही मला पटत नाही. कॅथलिकांच्या 1983 च्या धर्मसंहितेतला 844 वा नियम कडक आहे. प्रोटेस्टंटाला ख्रिस्तप्रसाद मिळतो तो मरणाच्या दारात किंवा तशाच मोठ्या गरजेत. म्हणून तर अशा लग्नांत मिस्सा न करता विधी उरकायची रीत आहे. मिस्सा हवाच तर बिशपांची परवानगी लागते. मग हट्ट कशाला? नवरी ख्रिस्तप्रसाद घेणार आणि शेजारी नवरदेव रिकाम्या हातांनी उभा. मला त्या लग्नात तेवढंच दिसतं. जर्मनीतल्या बिशपांनी 2018 मध्ये अशाच जोडप्यांसाठी वाट काढायचं ठरवलं, तर त्यांच्यातल्याच सात जणांनी शंका काढणारं पत्र रोमला धाडलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी एवढंच विचारलं, "बाबू, तिथल्या मंडळीचा तू सभासद हैस का?"

नाही. माझं नाव अजून जालन्याच्या रजिस्टरात आहे, वर्गणी भाऊ भरतो.

आजी प्रभुभोजनासाठी शनिवारी मनुका भिजवायची, पहाटे उकळून फडक्यातून गाळायची. त्याआधी गल्लीत कुणाशी अबोला असेल तर जाऊन मिटवायची. नाहीच मिटला, तर स्वतः गाळलेल्या रसाचा ट्रे न घेता पुढे द्यायची. सगळ्या मंडळीला कळायचं, हिचं कुणाशी तरी बिनसलंय. इथे माझं कुणाशी बिनसलंय हे कुणाला माहीत असणार?

परवाच्या रविवारी ताट माझ्यापर्यंत आलं. काकांना मी अजून फोन केलेला नव्हता. मी ते तसंच पुढे दिलं.