साडेसहाशे शब्दांत आयुष्य बदलून दाखवा

अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करताय? मग कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जाचा, स्वतःबद्दलचा एसे आलाच. भाच्याचा एसे ताईने ३१ डिसेंबरच्या रात्री 'जरा नजरेखालून घाल' म्हणून पाठवला. मुदत १ जानेवारी. तो वाचल्यापासून सल्ले द्यायला मी मोकळा आहे.

विषय सात दिलेले असतात. शेवटचा तर 'वाटेल त्यावर लिहा' असाच. तुम्ही मात्र अपयशच घ्या. नसेल, तर नव्वदच्या खाली गेलेली एखादी युनिट टेस्ट चालते.

समाजसेवेला एक शनिवार-रविवार पुरतो. पाड्यावर जायचं, वह्या वाटायच्या, फोटो काढायचे.

मुलाने स्वतः काही लिहायचं नाही. त्यासाठी पैसे मोजून ठेवलेला अ‍ॅडमिशनचा काउन्सेलर असतो.

आणि हुकमाचा एक्का म्हणजे कामवाल्या मावशी. भाच्याच्या एसेत पहिल्याच परिच्छेदात त्यांचे भेगाळलेले हात, दुसऱ्यात पहाटेची लोकल, तिसऱ्यात त्यांच्याकडून शिकलेली जिद्द. मी फोन करून विचारलं, "मावशी राहतात कुठे रे?" "आय थिंक कळवा?" "मुलं किती?" "मामा, आईला विचारून सांगतो." अकरा वर्षं येतायत त्या बाई! दिवाळीत बघितलंय मी, हा जेवून उठला तेव्हा ताट तिथंच, कोशिंबिरीच्या वाटीत खरकटा चमचा, साहेब मोबाइलवर. ताट मावशींनी उचललं. त्याच मावशींचे गेल्या महिन्यात चार खाडे झाले म्हणून ताईने पैसे कापले. आणि शेवटच्या ओळीत चिरंजीव त्यांचे 'आजन्म ऋणी'! ६५० शब्दांच्या मर्यादेत आजन्म ऋण बसवलं, काउन्सेलरचं कौतुकच आहे.

ताई, पुरे झालं. हे त्याने लिहिलेलं नाही, ते तुलाही माहीत आहे. पोरगं रात्री दोन वाजेपर्यंत बंद पडलेला मिक्सर उघडून बसतं, स्क्रू उरला की रडकुंडीला येतं, सकाळी शाळेत डुलक्या काढतं. एसेत त्यातलं एक अक्षर नाही! का, तर काउन्सेलर म्हणाला, 'फारच ऑर्डिनरी'. सतरा वर्षांचा मुलगा ऑर्डिनरी नसेल तर काय असेल? लाखभर रुपये मोजून तू त्याला त्याच्याच अर्जातून हाकलून दिलंस.

आजचा दिवस आहे हातात. त्याला त्या मिक्सरसमोर बसव आणि तू खोलीबाहेर जा. स्पेलिंग मी बघतो. आणि मावशी भांडी घासून निघायच्या आत ते चार दिवसांचे पैसे त्यांच्या हातात ठेव.