उणे कप्स

घरात प्रिंटर नाही, मग छपाईची सोय हवीच कशाला? अशा बाणेदारपणे दोन वर्षांपूर्वी मी संगणकाच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, मेक डॉट कॉन्फमध्ये, ‘उणे कप्स’ लिहून टाकलं. कप्स म्हणजे लिनक्सवरची छपाईची व्यवस्था. माझं लिनक्स जेंटू जातीचं, त्याची ऐटच ती. तयार पॅकेज उचलायचं नाही. सोर्स म्हणजे मूळ कोड आणायचा, यूज फ्लॅग लावून हवं-नको सांगायचं आणि आपल्या यंत्रावर कंपाईल करायचं, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम घडवायचा. आमचे बाबा पायाचं माप देऊन चप्पल करून घेतात, “वेणी बारीक, करकर नको,” तसंच. फक्त करकर काढली म्हणून कारागीर त्यांच्याकडे नवा अंगठा मागत नाही.

गेल्या रविवारी बाबांनी प्रिंटर आणला. सोसायटीत सातबारा द्यायचा होता.

ते उणे काढलं, तर कप्स ओळखणारं झाडून सगळं पुन्हा कंपाईल होणार. म्हणून शहाणपणा केला: एकेका पॅकेजचे फ्लॅग लिहायच्या फाईलमध्ये, पॅकेज डॉट यूजमध्ये, खिडक्या-बटणं काढणाऱ्या जीटीकेपुरतं आणि लिब्रेऑफिस या अवजड ऑफिस-संचापुरतं कप्स लावू. फाईल उघडली आणि घात झाला. आत माळ्यावरच्या ट्रंकेसारखा पसारा! एका ओळीत ‘फ्रीटाइप, उणे हार्फबझ’, वर माझीच टीप: ‘तात्पुरतं. उद्या काढणे.’ आठवलं. दोन्ही फॉन्टच्या कामाच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात ते सुटे भाग. फ्रीटाइपला आधी हार्फबझ हवं, हार्फबझला आधी फ्रीटाइप. पंगतीत दोन विहिणी ‘आधी तुम्ही बसा’ करत उभ्या. तेव्हा एकीला बळेच बसवलं होतं, ती आजतागायत उपाशीच. खाली तीसेक लायब्रऱ्यांना ३२-बिटचे फ्लॅग, ते एका गेमसाठी. गेम केव्हाच काढलाय. (तीन ओळी कशासाठी आहेत ते देवालाही माहीत नसावं. त्यांना हात लावला नाही.)

आता उघडलंच आहे तर साफ करू, म्हटलं. इमर्जला, म्हणजे जेंटूत पॅकेज बसवणाऱ्या कमांडला, विचारलं. दोन पॅकेजची यादी सत्तेचाळीसवर गेली, बदललेल्या फ्लॅगांपुढे चांदण्याच चांदण्या. ‘यस’ दाबलं. पंखा गिरणीसारखा घुमायला लागला.

“काय शिजवालायस?” बाबा.

“प्रिंटर चालू करालोय.”

“किती वेळ?”

“लिब्रेऑफिस शेवटी हाय.”

बाबांनी चपला घातल्या. अर्ध्या तासात शिवाजी पेठेतून आले. एका हातात सातबारा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापलेला. दुसऱ्या हातात मिसळीची पार्सलं: आईची बिनकांद्याची, त्यांची दही घालून, माझा कट वेगळ्या पिशवीत.

“तुला जादा सांगितलाय,” म्हणाले. “कितवं चाललंय?”

“नववं.”