विकत घेतलेले कारखाने : एका आक्षेपाला उत्तर

काका,
(तुम्ही सहीत 'एक निवृत्त फिटर, भांडुप' एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. राग नसावा.)

रामप्रसाद गोएंकांच्या आरपीजी समूहावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : गोएंकांनी उभं काहीच केलं नाही. दुसऱ्यांनी घाम गाळून चालवलेले कारखाने त्यांनी सरकारी वित्तसंस्थांच्या जिवावर पदरात पाडून घेतले. मालक बदलला की कारखान्याचं वाटोळंच होतं. किर्लोस्कर, वालचंद कुठे आणि हे कुठे! आणि मी मात्र आरती ओवाळली.

आधी वालचंदांचं बोलू. १९१९ साली त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीची सुरुवात झाली ती 'लॉयल्टी' या जहाजाने, आणि ते जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून विकत घेतलेलं होतं. म्हणून वालचंद कमी ठरतात का? तयार वस्तू घेऊन तिचं पुढे काय केलं, हे आपण त्यांच्या बाबतीत पाहतो. तोच हिशेब इथेही लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता काळ बघा. १९७९ मध्ये भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रामप्रसाद गोएंकांकडे फिलिप्स कार्बन ब्लॅक, एशियन केबल्स, आगरपाडा ज्यूट आणि मर्फी इंडिया एवढंच आलं. नवा टायरचा कारखाना काढायचा म्हटलं तर दिल्लीचा परवाना हवा, आणि मोठ्या घराण्याला १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची मंजुरी वेगळी. त्यात वर्षं जात. दुसरीकडे १९७३ च्या फेरा (परकीय चलन) कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला होता. अनेकांना इथे राहण्यातच राम वाटेना. म्हणजे परवाना, यंत्रं, कामगार आणि नाव असलेली कंपनी आयती विकायला निघालेली, आणि नवीन काढायला गेलात तर दार बंद. अशा वेळी धंदेवाला माणूस काय करील? १९८० च्या दशकात सिएट (टायर), केईसी (विजेचे मनोरे), डनलॉप (टायर), एचएमव्ही (गाण्यांच्या रेकॉर्ड), सीईएससी (कोलकात्याची वीज) ही नावं एकामागून एक त्यांच्याकडे आली ती अशी तयार कंपन्या घेऊनच. प्रत्येक वेळी जमलंच असंही नाही. १९७१ साली बॉम्बे डाइंगचा सौदा होत आला होता, पण तरुण नस्ली वाडियांनी आईची, जेआरडींची आणि गिरणीतल्या कर्मचाऱ्यांचीही साथ मिळवून वडिलांना विक्रीपासून मागे फिरवलं.

तुम्ही भांडुपचे, म्हणून सिएटचं थोडं सविस्तर. इटलीतल्या तूरिनच्या कंपनीने टाटांच्या सोबतीने १९५८ मध्ये ही कंपनी मुंबईत काढली. भांडुपचा कारखाना गोएंकांनी काढला नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण हलोल, नागपूरजवळचं बुटीबोरी आणि चेन्नई इथले कारखाने कोणी काढले? विकत घेणारा पुढे बांधतही गेला. आणि विकत घ्यायची खोडही गेली नाही : डिसेंबर २०२४ मध्ये त्याच सिएटने मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीकडून कॅम्सो या नावाचा बांधकाम-यंत्रांच्या टायर आणि ट्रॅकचा व्यवसाय सुमारे साडेबावीस कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. ज्या कंपनीचा युरोपी मालक निघून गेला होता, ती आता युरोपी कंपनीकडून खरेदी करते आहे. मला हे रंजक वाटतं, तुम्हाला वाटायलाच हवं असं नाही.

माझ्या मते खरी कसोटी कुर्ल्याला आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर 'कमानी' म्हणून बसथांबा सांगतात ना, त्या कमानींच्या घरात भांडणं लागली. त्यांच्या कंपन्यांपैकी कमानी इंजिनिअरिंग १९८२ मध्ये गोएंकांकडे गेली. तीच आजची केईसी, जगभर विजेचे मनोरे उभारणारी. कमानी ट्यूब्ज घराण्याच्या वादातच राहिली, १९८५ मध्ये बंद पडली आणि शेवटी कोर्टकज्जे होऊन युनियनने सहकारी तत्त्वावर ती चालवायला घेतली. त्या कामगारांबद्दल मला अपार आदर आहे. सुरुवातीची वर्षं बरी गेली, पुढे गाडं पुन्हा रुतलं. एका घरातल्या या दोन कंपन्या. धंदे वेगळे होते, त्यामुळे सगळं श्रेय मालक बदलण्याला देता येत नाही. पण मालक बदलला म्हणून कारखान्याचं वाटोळंच होतं, हे तुमचं वाक्य केईसीसमोर टिकत नाही.

डनलॉपसमोर मात्र टिकतं. १९८४ मध्ये उद्योगपती मनू छाब्रियांबरोबर घेतलेली ती कंपनी, दोघांचं बिनसलं आणि छाब्रियांकडे राहिली. पुढे साहागंजच्या कारखान्याची जी दैना झाली, ती बंगालमध्ये अजून सांगतात. गोएंका तोवर बाहेर पडले होते, पण कंपनीला सौद्यातला मोहरा समजलं की काय होतं ते तिथे दिसतं. गोएंकांनी घेतलेल्या स्पेन्सर्सच्या दुकानांनीही वर्षानुवर्षं तोटाच दाखवला. (गोएंका घराण्याच्या पुण्याच्या आयपीएल संघाबद्दल मी काही बोलत नाही. दोनच हंगाम, पण जखम ओली आहे.)

सरकारी वित्तसंस्थांचा मुद्दा तुम्ही घाईत मांडलात, खरा दंश तिथेच आहे. आयुर्विमा, यूटीआय, आयडीबीआय यांच्याकडे कंपन्यांचे मोठमोठे हिस्से असत आणि त्या सहसा चालू व्यवस्थापनाच्या पाठीशी राहत. त्यामुळे थोडक्या भांडवलात अख्ख्या कंपनीवर राज्य करता येई. हे एकट्या गोएंकांचं नव्हे, १९८३ मध्ये लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी ट्रॅक्टरवाल्या एस्कॉर्ट्‌सचे शेअर उचलले तेव्हा सगळ्याच घराण्यांचं बिंग फुटलं. त्याहून वाईट म्हणजे परदेशी मालकाच्या शेअरच्या गठ्ठ्याचा भाव बंद दाराआड ठरायचा आणि नाशिकच्या मास्तरांकडे किंवा पार्ल्याच्या मावशींकडे जे शंभर शेअर असतील, त्यांना कोणी विचारतही नसे. शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीचे पहिले अधिग्रहण नियम (कंपनी ताब्यात घेण्याचे नियम) आले १९९४ मध्ये, आणि छोट्या भागधारकांकडूनही शेअर घेण्याचा खुला प्रस्ताव ठेवण्याला कायद्याची सक्ती आली. आज २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की आणखी २६ टक्क्यांसाठी तसा प्रस्ताव द्यावा लागतो. घराण्यांवर चिडायचं तर इथे चिडा, मीही सोबत येतो. 'आयतं घेतलं' हा आरोप त्यामानाने फारच सौम्य आहे.

एक विचारायचं राहिलं. मालक बदलल्यावर शॉप फ्लोअरवर पहिल्या वर्षात काय बदललं, हे अहवालांत सापडत नाही. ओव्हरटाइम, कँटीन, बढत्या, युनियनशी बोलणी, जे पाहिलं असेल ते लिहा. माझ्या लेखाच्या विरोधात गेलं तरी जसंच्या तसं छापतो.