प्लगच्या आतली ती पट्टी कशासाठी असते?

गेल्या आठवड्यात कपड्यांना इस्त्री करता करता सॉकेटच्या बाजूने जळक्या प्लास्टिकचा वास आला. बटण बंद करून प्लग उपसला, तर त्याची एक पिन बोट लावता येऊ नये इतकी तापली होती. हा प्लग तीनच महिन्यांपूर्वी एका दुरुस्ती करणाऱ्याकडून, मागितली तेवढी मजुरी देऊन, नवा बसवून घेतला होता. गार झाल्यावर मी झाकणाचा स्क्रू काढला आणि आत जे दिसले त्याने खवळलेले माझे डोके अजून शांत झालेले नाही.

केबलचे बाहेरचे जाड वेष्टन प्लगच्या तोंडापासून बोटभर अलीकडेच सोलून टाकलेले होते, त्यामुळे आत शिरत होत्या त्या नुसत्या तीन बारीक वायरी: वीज आणणारी फेज, ती परत नेणारी न्यूट्रल आणि बिघाड झाला तर वीज जमिनीत नेणारी अर्थ. वेष्टन आवळून धरण्यासाठी प्लगच्या तोंडाशी दोन स्क्रूंची जी पट्टी असते, तिचा एक स्क्रू जागेवर नव्हताच. दुसरा अर्धवट पिळलेला होता, पट्टी तिरकी झाली होती आणि तिची कड न्यूट्रलच्या वायरीत रुतून तिच्या इन्सुलेशनवर खाच पडली होती. पट्टीचे काम भागावे म्हणून तिन्ही वायरींची मिळून एक गाठ मारून ठेवली होती. फेजच्या टर्मिनलमध्ये तांब्याच्या तारांची जेमतेम अर्धी लड शिरली होती. बाकीच्या तारा भोकात मावल्या नाहीत म्हणून मुळाशी छाटल्या होत्या, आणि छाटायच्या राहून गेलेल्या दोन तारा झुरळाच्या मिशांसारख्या अर्थच्या टर्मिनलकडे वळल्या होत्या. फेजच्या वायरीचे इन्सुलेशन दोन बोटे लांबीपर्यंत तपकिरी पडले होते. नखाने टोचले तर त्याचा तुकडा कडकन मोडून हातात आला. आणि अर्थची वायर, जी तिघींत लांब ठेवायची असते, ती सगळ्यांत आखूड कापून तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बसवली होती.

प्लग घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी तो हातातही न घेता लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "अहो, तीन महिने चालली ना इस्त्री? मग झालं की! तुमच्याकडंच कुणीतरी वायर धरून ओढली असणार."

ओढली असणार! केबल ओढली जाते, तिच्यात कुणाचा तरी पाय अडकतो, ती टेबलाच्या कडेवरून लोंबत राहते, इस्त्री पुढेमागे फिरताना दर खेपेला तिला हिसका बसतो, हे सगळे गृहीत धरूनच तर ती पट्टी प्लगमध्ये दिलेली असते. ओढ बसेल ती बाहेरच्या वेष्टनाने आणि पट्टीने सोसायची, आणि आतल्या वायरींपर्यंत, टर्मिनलच्या स्क्रूपर्यंत ती पोहोचूच द्यायची नाही, एवढे एकच काम तिच्याकडे आहे. ते होण्यासाठी वेष्टन पट्टीच्या आत यावे लागते. वायरींवर आवळलेली पट्टी वायरी कापते, आणि न आवळलेली पट्टी असून नसल्यासारखी. घरगुती प्लग आणि सॉकेटसाठी आयईसी या विद्युत मानके ठरवणाऱ्या संस्थेचे 60884-1 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात या पकडीची चाचणी सांगितलेली आहे: पकडीत आवळलेली केबल 100 वेळा ठरावीक जोराने ओढायची, मग तिला पीळ द्यायचा, आणि एवढे सोसूनही ती 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. केबलला गाठ मारणे किंवा तिची टोके दोरीने बांधणे असले उपाय पकड म्हणून चालणार नाहीत, हेही त्यात स्पष्ट शब्दांत म्हटलेले आहे. म्हणजे माझ्या प्लगमध्ये मारलेली ती गाठ नेमकी नाव घेऊन नाकारलेली आहे, आणि ती मारणारा माणूस मला सांगतो की वायर तुम्ही ओढली.

अर्थच्या वायरीबद्दल तर मला विशेष चीड आहे. पट्टीने दगा दिला आणि केबल ओढली गेली, तर आधी फेज सुटावी, मग न्यूट्रल सुटावी आणि अर्थ सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून तिला आतमध्ये थोडी ढिलाई देऊन, एक वळण देऊन बसवायचे असते. हा नियम कुणाच्या आवडीनिवडीचा नाही. फेज किंवा न्यूट्रल सुटली तर यंत्र बंद पडते, आपल्याला लगेच कळते आणि आपण प्लग उघडून बघतो. अर्थ सुटली तर काहीही कळत नाही. इस्त्री तापते, दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळे अगदी पूर्वीसारखे चालत राहते, आणि ज्या दिवशी आत कुठेतरी फेज पत्र्याला टेकते त्या दिवशी तो पत्रा हाताला लागेपर्यंत कुणालाही पत्ता लागत नाही. त्यातही सुटलेली अर्थची वायर प्लगच्या आतच लोंबत राहिली आणि जाऊन फेजच्या टर्मिनलला टेकली, तर यंत्राच्या धातूच्या अंगात थेट वीज येते. जी वायर जीव वाचवण्यासाठी होती तीच जीव घेण्याची वाट बनते. माझ्या प्लगमध्ये सर्वांत आधी सुटण्याची व्यवस्था अर्थचीच करून ठेवली होती. घरात याच इस्त्रीला ओल्या हातांनी शिवणारी माणसे आहेत. तीन महिने ती शिवत होती.

आता सैल स्क्रूकडे येतो, कारण वास आला तो त्यामुळे. अर्धीच लड आत आणि स्क्रू नीट पिळलेला नाही, म्हणजे तांबे आणि पितळ यांचा स्पर्श दोनचार ठिपक्यांपुरता उरतो आणि तिथे वीजप्रवाहाला अडथळा होतो. तो अडथळा फक्त 0.1 ओहमचा धरला आणि 15 अँपिअरचा भार चालू असला, तर त्या एका स्क्रूपाशी 22.5 वॅट उष्णता निर्माण होते. हातात धरून वापरायची साधी सोल्डरिंगची सळई 25 वॅटची असते. म्हणजे भिंतीला लागून, प्लास्टिकच्या बंद डबीत, एक सोल्डरिंगची सळई पेटती ठेवल्यासारखेच हे आहे. नेहमीचे पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंश सेल्सिअसपर्यंत सतत तापण्यासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते कडक होते, तडकते आणि शेवटी गळून पडते. शिवाय हा बिघाड स्वतःच स्वतःला वाढवतो. तापले की धातू प्रसरण पावतो, गार झाला की आक्रसतो, दर फेरीला स्क्रू आणखी थोडा सैल होतो, तांब्यावर काळा थर चढतो, अडथळा वाढतो आणि पुढच्या वेळी जागा जास्त तापते.

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल," असे निर्धास्तपणे सांगणारी माणसे भेटतात तेव्हा त्यांना हाताला धरून हा प्लग दाखवावासा वाटतो. एमसीबी म्हणजे वीज आपोआप तोडणारे बटण, आणि तिला कळतो तो मर्यादेपेक्षा जास्त झालेला प्रवाह. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबी जागची हलत नाही. गळती ओळखणारे उपकरण, ज्याला आरसीसीबी म्हणतात, ते फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहातला फरक पाहते. इथे फरकच पडत नाही, म्हणून तेही गप्प राहते. सैल जोडातली ठिणगी ओळखणारी उपकरणे निघाली आहेत, पण किती घरांत ती बसवलेली असतात? बाकी सर्व ठिकाणी पहारा एकट्या त्या स्क्रूचा, आणि त्या स्क्रूवर शेवटचा हात फिरवणाऱ्या माणसाच्या सचोटीचा.

तारा छाटणे हा तर मला सरळ अपराध वाटतो. ज्या जाडीची वायर लागते ती हिशेबाने निवडायची, तिचे पैसे मोजायचे, आणि भोकात मावत नाही म्हणून शेवटच्या एका सेंटिमीटरवर तिची जाडी निम्मी करायची! तारा नीट पिळल्या, सुटी तार मागे राहू दिली नाही आणि योग्य मापाचा प्लग घेतला, तर त्या मावतात. याच्या उलट वायर बारीक आणि भोक मोठे असेल तर टोक दुमडून दुहेरी करायचे असते, म्हणजे स्क्रूखाली भरीव काहीतरी येते. तेही कुणी करत नाही. इन्सुलेशन कमी सोलून त्याच्यावरच स्क्रू आवळणारे आहेत. त्यांचा स्क्रू घट्ट लागतो खरा, पण तो प्लास्टिकला धरून असतो, तांब्याला नव्हे. जास्त सोलून टर्मिनलबाहेर उघडे तांबे सोडणारेही आहेत. आणि तारा सुटू नयेत म्हणून टोकाला सोल्डर चढवून तो कडक गोळा स्क्रूखाली दाबणारे लोक तर स्वतःला फार काळजीवाहू समजतात. सोल्डर मऊ असते, दाबाखाली ते हळूहळू पसरते, आणि आज करकचून आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल पडतो. तारा एकत्र राहाव्यात म्हणून दाबून बसवायची धातूची नळी, म्हणजे फेरूल, मिळते. ती वापरायला काय हरकत आहे?

दोष सगळा वायरमन लोकांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही, कारण प्लग बनवणारेही कमी बेपर्वा नाहीत. पट्टीचे स्क्रू इतक्या मऊ धातूचे की दुसऱ्यांदा पिळताना त्यांची खाच घासून सपाट होते. पट्टी इतकी तोकडी की जाड केबलला ती बसत नाही आणि बारीक केबलला ती धरत नाही. पिना प्लास्टिकमध्ये डुगडुगणाऱ्या. आणि आत जागा इतकी अरुंद की अर्थच्या वायरीला वळण द्यायचे म्हटले तर झाकण लागत नाही. असा प्लग हातात आला की प्रामाणिक माणसाचीही पंचाईत होते. पण त्या माणसाने तो प्लग नाकारावा, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की हा चालणार नाही, दुसरा आणा. वर झाकण लावून टाकणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आणि मला सर्वांत जास्त चिडवते ते हे झाकणच. भिंतीचा रंग वाकडा लागला तर दिसतो, दाराची कडी नीट बसली नाही तर रोज खटकते आणि माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला जातो. प्लगच्या आतले काम मात्र एकदा झाकण लागले की कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच ते असे केले जाते. मी स्वतः नवा प्लग बसवला तेव्हा घड्याळ लावून पाहिले. वेष्टन पट्टीच्या आतपर्यंत आणणे, तिन्ही टोके मापाने सोलणे, अर्थ लांब ठेवणे, तारा पिळून आत घालणे, स्क्रू आवळणे, एकेक वायर ओढून पाहणे, पट्टीचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने पिळणे आणि शेवटी केबल धरून जोराने ओढून पाहणे, या सगळ्याला अकरा मिनिटे लागली, आणि माझा हात या कामाला सरावलेला नाही. सरावलेल्या माणसाला पाच मिनिटे पुरतात. तेवढ्या पाच मिनिटांसाठी त्या गृहस्थांनी माझ्या घरातल्या माणसांना तीन महिने धोक्यात ठेवले, आणि वर मलाच जबाबदार धरले.

त्या दिवशी मी घरातले उघडता येण्याजोगे सगळे प्लग उघडले. एकात पट्टी होती पण खाली वेष्टनच नव्हते. एकात स्क्रू बोटाने फिरत होता. मुले ज्यावर अभ्यासाचा दिवा लावतात तो एक्स्टेन्शन बोर्ड मी शेवटी घेतला, कारण तो कुणी दुरुस्त केल्याचे आठवत नव्हते आणि तो तरी ठीक असेल अशी आशा होती. त्याच्या प्लगमध्ये फेज आणि न्यूट्रल व्यवस्थित आवळलेल्या होत्या, पट्टीही नीट बसली होती. अर्थची वायर मात्र टर्मिनलच्या जवळ आणून, टोक कापून, त्यावर काळी टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवली होती. ती चुकून सुटलेली नव्हती. कुणीतरी ती हातात धरली होती, टेपचा तुकडा तोडला होता, आणि ती जोडायची नाही असे ठरवून मग झाकण लावले होते.